देवाला सोडलेलं रान

अप्पा, आज ऑफिसात माझ्याशी कुणी मराठी बोललं नाही आणि घरी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. आई तुमच्यामागोमाग गेली, चार वर्षांपूर्वी माझी बायकोही गेली. आता स्वयंपाकघरात शेजारची मांजर येऊन बसते, पण तिला कन्नडच कळतं. फार एकटं वाटतं, अप्पा. हे तुम्ही असताना तोंडावर कधी म्हणू शकलो नसतो.

एक रविवार आठवतो. तुम्ही जंगलखात्यात गार्ड होता आणि मी त्याच खात्याच्या म्हैसूरच्या ऑफिसात नवा कारकून. बेळगोळच्या पलीकडे तुमच्या रानात तुम्ही मला टेकडीखालची राई दाखवायला नेलं होतंत. कडेला थांबून तुम्ही बूट काढता. मी दात घासायला करंजाची काडी मोडतो. "विचारलास काय?" तुम्ही म्हणता. "कुणाला?" "जिचं आहे तिला. सुम्ने, उगीच मोडायचं नाही रे, अम्माचं आहे ते." मला हसू येतं. चार बुकं इंग्रजी शिकलेल्याला त्या वयात हसू फार लवकर येतं. आत अम्माची, म्हणजे देवीची, मूर्ती नव्हती, शेंदूर फासलेला दगड होता. गावात नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी तिथे दिवा लावत होती. तिने तुम्हाला नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी साहेबांनी साऱ्या रानाची माहिती मागवली. तुमचा कन्नड अहवाल इंग्रजी तक्त्यात उतरवायचं काम माझ्याकडे आलं. नदीकाठची राई आणि टेकडीखालची राई, दोन्हींपुढे तुम्ही एकच लिहिलं होतंत: "देवरिगे बिट्टद्दु." देवाला सोडलेलं. पुढे, लोक दिव्याला येतात, त्यांना रोखू नये. सरकारी तक्त्यात देव घालायची मला लाज वाटली. साहेब हसतील, म्हणतील, या मंडळींना अजून दगडातच देव दिसतो. मी देव गाळला आणि दिवाही गाळला. उरलं नुसतं 'सोडलेलं'. त्यासाठी माझ्याजवळचा सगळ्यांत वजनदार इंग्रजी शब्द मी काढला आणि वळणदार अक्षरात दोन्ही ओळींपुढे 'अबॅन्डन्ड' लिहिलं. म्हणजे टाकून दिलेलं, कुणाचंच नसलेलं. देवाला सोडणं आणि सोडून देणं यांतला फरक लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या आईलाही कळला असता.

कुणाचंच नसलेलं रान सरपणाच्या तोडीत गेलं. नदीकाठची राई आठवडाभरात भुईसपाट झाली. टेकडीखालची वाचली, कारण तिथवर गाड्या पोहोचेनात. गावचे लोक तुम्हाला म्हणाले, "नीवे बरेद्रा, स्वामी? तुम्हीच लिहिलंत?" तुम्ही हो म्हणालात. घरी येऊन आईला सांगितलंत, "माझं अक्षर घाण गं. साहेबाला 'देवरिगे' वाचायलाच आलं नसेल बघ." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळीआधी तुम्ही चुलीपाशी पाटी घेऊन बसता. कोयत्याची सवय झालेली बोटं एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतात. आई म्हणते, "या वयात हे काय खूळ?" तुम्ही म्हणता, "सुम्निरु. गप्प बस गं." मी समोर बसून ताटलीतलं उप्पिट्टू संपवतो आणि ऑफिसला जातो. तो शब्द माझा होता, हे तुम्हाला सांगितलं नाही. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात. तोवर तुमचं अक्षर खरंच छान झालं होतं.

आता टेकडीचं सगळं रान राखीव झालंय, त्याला फाटक बसलंय. राईला कुऱ्हाड लागू नये म्हणून या खेपेला मीच शेरा लिहिला. राईमुळे झऱ्याला पाणी टिकतं, तोड करू नये. साहेबांना पटलं आणि राई वाचली. पण पाण्यासाठी राखलेल्या रानात दिवा लावणारीचं काय काम? गार्डाने तिला फाटकावरूनच परत पाठवलं. ती ऑफिसात आली तेव्हा मी ओळखलं नाही, इतकी म्हातारी झालीय. तिने तुमचं नाव घेतलं. म्हणाली, "झाडं राहिली, स्वामी. आमची अम्मा आत एकटी पडली."

आताचा साहेब भला माणूस आहे. तो म्हणाला, लोकांची वहिवाट होती याचा एक जुना कागद दाखवा, फाटक उघडून देतो. तसा कागद एकच आहे, तुमचा. त्यात 'रोखू नये' असं स्वच्छ लिहिलंय. पण माझा तक्ता त्याच फाइलीत, तुमच्या अहवालावरच शिवलेला आहे. फाइल उघडली की आधी माझा तो शब्द दिसणार आणि खाली माझी सही. ऑफिसात अवघड भाषांतर अजून माझ्याकडेच येतं, माझी जी काही पत आहे ती त्यावरच.

ती बाई आजवर तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी तिला सांगितलं, फाइल सापडत नाही. अप्पा, फाइल मी घरी आणलीय. हे पत्र तिच्यावरच ठेवून लिहितोय.