डॉक्टरकडे न गेल्याचे पैसे

हेर्त्सोगेनआउराख
१४ सप्टेंबर २०२५

ती. मनोरमाआत्यास,
उत्कर्षचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कानाचं यंत्र बसलं आणि शेजारचा मिक्सर नकोसा झाला, हे वाचून बरं वाटलं.

माझा इथे एक घोळ झाला. कराच्या विवरणात आरोग्यविम्याचा हप्ता दाखवला की करात सवलत मिळते. मी पूर्ण हप्ता दाखवला. पण वर्षभर डॉक्टरकडे न गेल्याबद्दल विमावाल्यांनी त्यातला काही भाग परत दिला होता. तुझं यंत्र त्यातूनच आलं. दुकानदाराने सुटे परत दिले तर ती कमाई नव्हे, असं धरून मी ते लिहिलं नाही. फिनान्सआम्ट, म्हणजे इथली करकचेरी, म्हणते की कमाई नव्हे हे खरं, पण तेवढा हप्ता तुम्ही भरलाच नाही. जास्तीची सवलत परत करा. दंड नाही. मी काम करतो त्या बेकरीची मालकीण म्हणाली, आल्झो (जर्मनमधलं ‘हं, तर’), असं सगळ्यांचंच होतं. माझं कधी झालं नव्हतं.

महिनाअखेर फोन करीन. आता तुला ऐकू येईल.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
उत्कर्ष


कराड
३ ऑक्टोबर २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

किती वर्षांनी तुझा आवाज नीट ऐकला! पण आधी ऐकू आला तो खोकला. तू म्हणालास, ठसका लागला. फोन ठेवेपर्यंत ठसका?

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. डॉक्टरकडे गेलं नाही तर पैसे मिळतात म्हणे. म्हणजे जायची गरज पडली नाही, की पडली तरी गेला नाहीस? माझी एक वेलांटी चुकली तरी कळवतोस, आणि एवढा खोकला कळवायचा राहिला! दादा-वहिनी गेल्यावर तुला वाढवलं मी, पण बहिऱ्या बाईला फसवणं सोपं, हे तू तेव्हाच शिकलास.

यंत्र काढून डबीत ठेवलं आहे. डॉक्टरकडे जाऊन आल्याचं लिही, मग घालीन.

लोभ आहेच, सध्या राग थोडा जास्त आहे.
तुझी,
आत्या


हेर्त्सोगेनआउराख
३० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. पिठाच्या धुळीने दम्याची सुरुवात झाली आहे. बेकरीत काम करणाऱ्यांना होतो. दोन हिवाळे खोकत होतो, ते डॉक्टरबाईंनाही सांगितलं. आणखी उशीर केला असता तर हे काम सोडावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. तोंडाने ओढायचं औषध दिलं आहे. मालकिणीने मला पिठावरून भट्टीवर हलवलं.

फिनान्सआम्टचे पैसे भरले. यंदा डॉक्टरकडे गेल्यामुळे विम्याचं काही परत येणार नाही. तेव्हा पुढच्या विवरणात चुकायलाही काही उरलं नाही.

हे फोनवरच सांगणार होतो. रविवारी लावला, तर तू तीनदा हॅलो म्हणून ठेवून दिलास. तेव्हा यंत्र खरंच डबीत आहे हे कळलं.

आता ते बाहेर काढ. लोभ तिथेच ठेवला असशील, तर तोही.
तुझा,
उत्कर्ष