एका शिंकेचा इलाज

मु. वरकुटे, ता. इंदापूर
चैत्र वद्य पंचमी, शके १८७९

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून विजूचा नमस्कार (डोकं ठेवलंच आहे म्हणून लाथ मारू नकोस, आधी पत्र वाच). इकडं म्हैस, बैल आणि आमचे पैलवान असे सगळे खुशाल आहेत. तिकडच्या दाजींच्या खोकल्याची, बाळीच्या दातांची आणि तुझ्या रागाची खुशाली कळव. खोकला एव्हाना गेला असेल, दातही आले असतील. राग मात्र जागच्या जागी असणार, कारण कार्तिकापासून तुझं एक कार्ड नाही. बाळीच्या बारशाला मी आले नाही, तर तू साऱ्या सांगवीला सांगितलंस म्हणे, की विजूच्या घरी ऊस आला आणि तिच्या डोळ्यांवर धूर आला. बहिणीची अशी कीर्ती पसरवायला सख्खी बहीणच लागते, परक्याला एवढी कळकळ कुठून असणार?

खरं कारण लिहायला हात धजत नव्हता. धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, मी शिंकले, खोकले की खळखळून हसले तरी माझं लुगडं भिजतं. (हे दाजींसमोर मोठ्यानं वाचू नकोस.) आता सांग, एसटीच्या मागच्या बाकावर आदळत बारामतीपर्यंत यायचं आणि वर तुझ्या घरी बारशाला बसून हसायचं नाही, हे कसं जमणार होतं? गेल्या उन्हाळ्यात मिरच्या कांडताना साऱ्याच जणी शिंकत होत्या. मी पाचव्या शिंकेला मुसळ टाकून परसात पळाले. सासूबाईंनी चारचौघींत लगेच निकाल दिला, “काम दिसलं की हिला परसाकडं लागतंय.” झालं, त्या दिवसापासून मी कामचुकार. बाळंतपणाच्या बाविसाव्या दिवशी वैरणीचा भारा डोक्यावर घेणारी ती दुसरीच कुणी असावी.

बारसं चुकल्याचं मनाला फार लागलं. म्हणून मार्गशीर्षात दाढेचं निमित्त करून बारामती गाठली. (बाईमाणसाची दाढ दुखलेली घरात चालते, दाढेच्या खाली काही दुखलेलं चालत नाही.) तिथं एका दवाखान्यात मुंबईला शिकून आलेल्या रतनबाई आहेत. त्यांच्या विद्येला फिजिओथेरपी म्हणतात. त्यात बाटली नाही, सुई नाही, नुसता व्यायाम. ओटीपोटाच्या तळाशी म्हणे स्नायूंची एक झोळी असते आणि लेकरं नि भारे वाहून ती सैल पडते. लघवी धरून ठेवताना जे आवळतो तेच आवळायचं, आत नि वर ओढायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं. तीन महिने चिकाटी धरा, म्हणाल्या, आणि भारे उचलू नका. (बाई फार शिकलेल्या आहेत, पण त्यांनी वरकुटे पाहिलेलं नाही.)

घरी येऊन ह्यांना एवढंच सांगितलं, की दवाखान्यात व्यायाम सांगितलाय. तिथंच चुकलं. आमचे पैलवान तरुणपणी जत्रेत तीन कुस्त्या लढले, त्यातल्या जिंकलेल्या एकीची हकिकत अजून संपलेली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण माझ्या तब्येतीत त्यांनी रस घेतला तो त्या दिवशी पहिल्यांदा. “आगं, मग हे तर घरचंच काम हाय!” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला गोठ्यामागं बैठका काढायला उभं केलं. एकदम पन्नास! खुराक म्हणून बदाम घालून दूधही आटवलं (ते मोजणाऱ्यानंच प्यायलं, मोजून घसा कोरडा पडतो). अकराव्या बैठकीला जे व्हायचं ते झालं. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. “पयल्या दिवशी मांड्या भरत्यात,” असा धीर मिळाला. तेव्हा मात्र मी सगळं फोडून सांगितलं. पैलवान एवढे लाजले, की बराच वेळ म्हशीकडंच बघत राहिले. पण त्या दिवसापासून वैरण बैलगाडीतून येते आणि का येते हे ते कुणाला सांगत नाहीत.

रतनबाईंचा व्यायाम कुणाला दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष एवढाच, की आकडे मोजताना तोंड बंद ठेवावं लागतं. म्हणून मी मुहूर्त ठरवला, सासूबाई बोलायला लागल्या की आवळायला घ्यायचं. रतनबाईंनी तीनदा सांगितलं होतं, आमच्या घरी अकरा वेळा सोय झाली. मी आपली खाली मान घालून गप्प. सासूबाई आधी गोंधळल्या, मग घाबरल्या आणि माघात त्यांनी सून वळणावर आली म्हणून म्हसोबाला नारळ फोडला. परवा मिरच्या कांडल्या. मी एकवीस शिंका दिल्या, अक्का! जागची हलले नाही आणि लुगडं कोरडं ठक्क. डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांना तिखटाचं वाटलं. मला आनंदानं रडू आलं होतं.

तर आता ज्येष्ठात बाळीच्या जावळाला मी येते. दाजींच्या विनोदांनासुद्धा हसेन म्हणते. पोरांना पापे.

तुझी (गर्व न झालेली) विजू

ता. क. १. वर सासूबाईंविषयी लिहिलं ते खोडायचं होतं, पण मग पत्रात काही उरत नाही. आज दुपारी त्यांनी मला माजघरात गाठून दार लोटलं. “तू गप बसून करतीस ते मलाबी शिकीव,” म्हणाल्या. माझ्या एकवीस शिंका त्यांनीही मोजल्या होत्या. त्यांचं हे चंद्राबाईंच्या जन्मापासून आहे, आणि माझी ही नणंद औंदा सव्वीस वर्षांची झाली. नुसतं गळत नाही, अंगही बाहेर येतं, म्हणजे गर्भाची पिशवीच खाली उतरते. कापडाची घडी बांधून त्या कामं उरकतात. मला राग आला. सगळं माहीत होतं, तर गेल्या वर्षी चारचौघींत बोललात कशाला, असं विचारलं. तर म्हणाल्या, “मी बोलली न्हाय तर बायकांनी तुझ्या लुगड्याकडं बघितलं आसतं.”

ता. क. २. खरं काम आता लिहिते. अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरीणबाईंनी तपासायला हवं, मग व्यायाम. पुरुषांपुढं हा विषय काढायला सासूबाई तयार नाहीत. तेव्हा मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं एक दुसरं पत्र धाड. बाळीला सांभाळायला जाणतं माणूस हवंय, विहीणबाईंना महिनाभर पाठवा, असं लिही. तिथून तू त्यांना गुपचूप बारामतीच्या दवाखान्यात ने. मी जावळाला येते म्हणाले ते मात्र विसर. आमच्या घरातून एका वेळी एकच बाई सुटते. भाकऱ्या मी थापते, त्यांना येऊ दे.