नववी नापासाची पक्की नोंद

ती. आईस, दुरूनच पाया पडतो.

खोकला थांबलाय, काळजी नको. बाबांचा गुडघा कसा आहे?

सुट्टीला विद्यापीठात पोरांचं ब्लॉकचेनचं प्रदर्शन बघायला गेलो. सगळ्यांना खुलं होतं, तरी रंगकामाने डागाळलेले माझे हात बघून वॉचमन म्हणाला, "कामगारांनी मागून." म्हटलं, "आज पाहुणा आहे," आणि पुढूनच शिरलो.

एका मुलीने समजावलं, ब्लॉकचेन म्हणजे संगणकातली सामायिक वही, तिच्यातली नोंद प्रत्येकाकडे असते, म्हणून कुणाला गुपचूप खोडता येत नाही. म्हटलं, "म्हणजे माझी नववी नापास! आत्या, मावशी, अख्खी गल्ली, सगळ्यांकडे नोंद आहे." ती खो खो हसली.

आई, तिथेच शाळा सुटलेल्यांच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलंय. मुकादम म्हणतो, झेपणार नाही. बघतोच! तू आत्याला, मावशीला, गल्लीला आजच सांगून टाक. मग मलाही मागे फिरता येणार नाही.

तुझा हट्टी,
धाकटा