मुका झोन

ता. १२ जानेवारी, सकाळ

प्रिय धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आधीच देऊन टाकते, कारण पत्राच्या शेवटी द्यावेसे वाटतील याची खात्री नाही.

आम्ही इकडे ठीक आहोत. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त झाला. माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. तुझी लेक जेवते, झोपते. काल माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आली होती. एका हाताने का होईना, उशांच्या अभ्र्यांचा हा एवढा ढीग लावून दिला तिने. निवृत्त झाले तरी मुकादम मला बोलावतोच. नव्या पोरींना मोठ्या चादरींच्या घड्या जमत नाहीत.

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझा निरोप पोचला. "तिचा रुसवा पुरे झाला, शनिवारच्या सरावाला पाठवून दे. आणि ताई, तू संघाच्या मध्ये पडू नकोस." निरोप ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, संघाच्या मध्ये पडू नकोस? तुला बास्केटबॉलचा झोन शिकवला कोणी? लॉन्ड्रीमागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर, गंजलेल्या रिंगखाली, कपडे वाळत घालायची दोरी पाचजणांच्या हातात देऊन? मला तरी कोणी शिकवलं होतं! चादर ताणून धरायची म्हणजे काय, एवढंच मला ठाऊक होतं. एकीने कोपरा ओढला की बाकीच्यांनी सरकायचं, नाहीतर मध्ये झोळ पडतो. त्यावरूनच मी तुम्हाला शिकवलं. पुढे दोघं, मागे तिघं. माणसाला धरायचं नाही, जागा धरायची. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. विसरलास?

विसरलासच.

मुलींच्या फायनलला मी तुमच्या बेंचच्या बरोबर समोर, पलीकडच्या पायऱ्यांवर बसले होते. एक गोष्ट कबूल करते, कारण खोटं मला जमत नाही. समोरच्या संघातल्या त्या ताडमाड पोरीला बघून तू झोन लावलास, ते अगदी बरोबर केलंस. दुसऱ्या कोणी हट्टाने एकेकीला एकेक पोर वाटून दिली असती आणि पहिल्याच सत्रात नाक कापून घेतलं असतं. तू हुशार आहेस, हे मी कधी नाकारलं?

पण तुझा झोन मुका होता रे.

पाच पोरी हलत होत्या आणि एकीच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. आवाज एकाच माणसाचा, तुझा. "सरक! हात वर! डावीकडे! अगं डावीकडे!" पहिल्यांदा मला वाटलं, पोरी घाबरल्यात. मग त्या बुटकीला, तुम्ही लिंबू म्हणता तिला, मी पाणी द्यायला गेले आणि विचारलं, "काय गं, तुमच्या जिभा घरी राहिल्या का?" तर ती म्हणते, "सरांनी सांगितलंय, मैदानावर आवाज एकच. बोललं की लक्ष उडतं. जी बोलेल ती बाहेर."

मला हसावं की रडावं कळेना. झोनमध्ये पुढच्या पोरीला पाठीमागचं दिसत नाही. कोपऱ्यात बॉल गेला की कडेच्या पोरीने धावत जायचं असतं, आणि ती जाते कशाच्या भरवशावर? मागची ओरडते, "जा, मागे मी आहे!" तेव्हा ती जाते. तेवढं एक वाक्य काढून घेतलंस तर उरलं काय? पाच खांब. खांबांच्या मधून कोणीही ये-जा करतं.

आणि मागे मध्ये कोण उभी होती? तुझीच पोर. जिला सगळं मैदान दिसतं. पाळण्यात असल्यापासून जिचं तोंड मिटलं नाही, म्हणून जिला मी टिटवी म्हणते. गल्लीत सायकल शिरली तरी ओरडून सगळ्यांना सांगणारी पोर. तिच्या तोंडाला कुलूप लावलंस आणि तिला पहाऱ्यावर उभी केलीस. धन्य!

शेवटचा बास्केट मी डोळ्यांनी पाहिला. बॉल कोपऱ्यात. लिंबू जाऊ की नको करत जागेवरच. त्यांची ती ताडमाड पोर टिटवीच्या पाठीमागून सरकली. टिटवीने तिला पाहिलं. मी शपथेवर सांगते, पाहिलं. तिचं तोंड उघडलं, तुझ्याकडे बघून मिटलं. मग बॉल आला आणि टिटवीने उडी मारली, एकच हात वर करून. गेलाच तो बास्केट. एका गुणाने हरलात.

हरण्याचं मला काही नाही. आपण काय कमी हरलोय? पण त्या बास्केटनंतर चार सेकंद उरले असताना तू टाइमआउट घेतलास, तिला बाहेर ओढलंस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "लाकूड आहेस लाकूड! दुसरा हात काय गहाण ठेवलायस?" समोरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू आलं. त्यांच्या संघातल्या पोरीसुद्धा खाली बघायला लागल्या. ती बसली. रडलीसुद्धा नाही. शाल घेतात तसा टॉवेल अंगावर ओढून घेतला आणि दोन्ही हात आत.

तू म्हणतोस रुसवा. बरं. आता तो दुसरा हात कुठे होता ते सांगते. सांगणार नव्हते. तिने मला शपथ घातलीय. पण शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी असू दे, मी वयाने मोठी आहे.

तिच्या डाव्या हाताचं बोट मोडलं होतं.

मध्यंतराच्या आधीच. पास अडवताना बॉल बोटाच्या टोकावर आदळला. मध्यंतरात ती तुझ्याकडे आली होती, आठवतं? "बाबा," एवढंच म्हणाली. तू फळ्यावर गोल काढत होतास. पाठमोराच म्हणालास, "आता बोलायचं नाही, ऐकायचं." मग ती बोललीच नाही. सगळा उरलेला खेळ मोडक्या बोटाने खेळली. मॅचनंतर माझ्याकडे राहायला आल्यावरही स्वेटरची बाही ओढून फिरत होती, बुटाची नाडी सुटेना तेव्हा पकडली गेली. डॉक्टर म्हणाला, लगेच आणली असती तर बरं झालं असतं; आता बोट किंचित वाकडं राहील. राहू दे. बोटाने काही अडत नाही. पण त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आत्या, मी आता खेळणार नाही. बाबांना काहीही कारण सांग." त्याने माझी झोप उडाली.

आणि अजून एक. तिच्या आईला हे सगळं ठाऊक आहे. ती परवा येऊन गेली, पोरीचं प्लास्टर मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं, "त्याला सांगितलंस?" तर म्हणते, "ताई, मॅचबद्दल बोलायला लागले की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. चार दिवस जाऊ देत."

ऐकलंस? तुझ्या घरात दोन माणसं एक मोडलेलं बोट तुझ्यापासून लपवून राहिलीत. तुझ्याविरुद्ध झोन लावलाय त्यांनी, आणि इतका घट्ट लावलाय की तुला एक फट सापडली नाही! शिट्टी गळ्यात घालून जेवायला बसणाऱ्या माणसाचं हेच होणार. पोर घरी नाही, बायको बोलत नाही, आणि हा म्हणतो रुसवा! मी समोर असते ना, तर एवढा मोठा झालास तरी कान उपटला असता. दोन्ही.

हुश्श. चहा केला, प्यायले.

काल लॉन्ड्रीत काय झालं ते सांगून संपवते. मी आणि नवी पोरगी मोठी चादर धरून मागे मागे चाललो होतो. इस्त्रीवाल्याने ओल्या कपड्यांची ढकलगाडी माझ्या पाठीमागून आणली. मला कशी दिसणार? टिटवी अभ्र्यांच्या ढिगामागून एवढ्या जोरात ओरडली, "आत्या, मागे! उजवीकडे सरक!" की इस्त्रीवाला दचकून गाडी सोडून उभाच राहिला. म्हणाला, "बाई, ही भोंगा आहे का पोरगी?" आणि ती हसली, तुझ्या मॅचनंतर पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तेव्हा लिंबूला मी असंच ओरडायला हवं होतं ना?"

हवं होतं, म्हटलं. आणि ओरडायला मिळायला हवं होतं.

तर ऐक. शनिवारी ती सरावाला येईल. मीच विचारलं, हो म्हणाली, पण माझ्यापुढे एक अट ठेवून: बाबा बसून राहतील. खेळायची नाही, हात प्लास्टरमध्येच आहे. ती मागे मध्ये उभी राहील आणि फक्त ओरडेल. मी दोरी घेऊन येते. शिट्टी तू घरी ठेवायची. तू बेंचवर बसायचं आणि सराव संपेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. काढलास तर मी तिला घेऊन परत निघेन आणि तुझ्याकडे पुन्हा आणणार नाही. हे मी रागात लिहीत नाही. राग वरच्या पानांवर सगळा सांडलाय.

मग संपल्यावर तिच्याजवळ जा. तिचा हात बघ. काय बोलायचं ते मला विचारू नकोस, तुला येईल. तू भित्रा आहेस, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. लहानपणी कोपऱ्यात बॉल गेला की तू जागचा हलत नसायचास, मागची जागा उघडी पडेल म्हणून. जोवर मी ओरडत नसे, तोवर खांबासारखा उभा. ओरडल्यावर मात्र वाऱ्यासारखा जायचास.

जा. मागे मी आहे.

तुझी
ताई