धूर पुरेसा न आल्याने सील झालेल्या भट्टीबाबत

प्रति,
मा. हवा-गुणवत्ता अधिकारी,
जिल्हा कार्यालय, कोर्पी लेक,
उत्तर मिनेसोटा.

विषय : माझ्या राहत्या घराच्या भट्टीचे सील उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली ऑक्टोबरची नोटीस व माझे अनुत्तरित अर्ज.

महोदय,

१. मी अंगणात ठेवायच्या लाकडी भट्ट्या बनवतो. भट्टी बाहेर जळते, तिचे गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून जाऊन घर तापवते. जुन्या भट्ट्यांनी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या होत. माझ्या भट्टीत लाकडाचा धूरही जळून जातो. हाच माझा गुन्हा.

२. आपले निरीक्षक आले, तेव्हा त्यांच्या यंत्राचा काटा हलेना. म्हणाले, "केतोला, आधी पेटवा तरी!" मी दार उघडून जाळ दाखवला, त्यात त्यांच्या भुवया होरपळल्या. तरी शेरा असा : धूर मोजण्याइतका नसल्याने चाचणी झाली नाही, चाचणी होईपर्यंत भट्टी पेटवू नये. मी लाज सोडून बर्चचे ओले लाकूड जाळायची तयारी दाखवली. तर, "धूर निघाला की नापास करणार हं, आधीच सांगतो." इकडे आड, तिकडे विहीर.

३. घरात दुसरी शेगडी नाही. भट्टीवाल्याच्याच घरावर धुराडे दिसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणून ते मीच पाडले. आता घरातले प्यायच्या पाण्याचे नळ गोठून फुटले. मी, पत्नी व नव्वदीची आई मागच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, राहतो. सौनाच्या चुलीला आपला नियम लागत नाही. ती एवढा धूर ओकते की शेजारचा रेइनो कुंपणावरून ओरडतो, "काय रे, धंदा जोरात दिसतोय!" परवा निरीक्षकसाहेब सील शाबूत असल्याची खात्री करून तिथेच घाम काढून, बियर पिऊन गेले. धुराबद्दल अवाक्षर नाही.

४. आम्हा फिनिश लोकांत पूर्वी बाळंतपण सौनात होई, आणि मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही तिथेच घालत. आई याच सौनात जन्मली. बाकावर पडून म्हणते, "आर्वो, मला घरात ने रे. इथं माझं आता एकच काम उरलंय, त्याची घाई नको करूस." रविवारपासून तिने कॉफीही सोडली आहे. महोदय, मला भीती वाटते.

५. सबब, भट्टी चांगली की वाईट हा वाद मी सोडतो. कारखाना बंद करतो. फक्त एकदा पेटवू द्या. आईचे अंथरूण तिच्या खोलीत घालायचे आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
आर्वो केतोला
९ डिसेंबर

सोबत : कारखान्याचा मूळ परवाना, परत.