पाचव्या शीलाशी थांबलेली वस्ती

मु. बोरखेडी, ता. नायगाव
५ जानेवारी २०२५

चि. सौ. लुंबिनीताईंस वहिनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडं सगळं बरं हाय, असं लिहायला यंदा खोटं वाटंना. तुमच्या विनोददादांची मी पोलिसात तक्रार दिली न्हाई म्हणून तुम्ही रागावलात. पण मागं एकदा नेलंच होतं की त्यांना. सकाळी सुटले अन् थेट देशीच्या दुकानात गेले. आता वस्तीनंच हातात घेतलंय. केवळाबाई आत्या दारू सुटायची दवाखान्याची गोळी समोर उभं राहून गिळायला लावतात. दिवेलागणीला, म्हंजे त्यांच्या प्यायच्या वेळेला, सगळे त्यांना विहारात घेऊन बसतात. पंचशील होतं, पण पाचव्याला, दारूच्या शीलाला, सगळी वस्ती गप्प बसते. विनोद ते खरेपणानं म्हणंल तवाच आपण म्हणू, असं ठरलंय.

त्यांनी काय काय केलं ते घरच्यांनी तिथंच तोंडावर सांगायचं असतं. माझं सांगून झालं. एक सांज तुम्ही या. राग असू द्या, पण आमच्यावर लोभही असू द्या.

दामिनी

लातूर, ११ जानेवारी

ती. वहिनींस सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर शिव्याच येतील म्हणून लिहितेय. मी येणार नाही. एका दारुड्यापायी अख्ख्या वस्तीचं शील अडवलंत? शी! नुसते लाड आहेत हे.

अण्णा गेल्यावर, आपल्या वडिलांच्याच पुण्यानुमोदनाला, माझ्या घरी, सासरच्यांसमोर, वंदना चालू असताना हा मूर्तीपुढं भडाभडा ओकला. मूर्तीखाली अण्णांचं धोतर अंथरलं होतं, तेही भरलं. फरशी मी पुसली. तो वास अजून जेवताना नाकात येतो. धोतर मात्र ना फेकवलं, ना धुववलं. पिशवीत बांधून गच्चीवर पडलंय. शेजारचे सुदर्शनमामा नायगावला निघालेत, त्यांच्या हाती पाठवतेय. आत काय आहे ते बिचाऱ्यांना सांगितलेलं नाही. माझं जे सांगणं आहे ते त्या पिशवीत आहे. सोडू दे त्याला वस्तीसमोर.

तुमच्यावर लोभ आहेच, त्याच्यासाठी मागू नका.

लुंबिनी

बोरखेडी, १९ जानेवारी

चि. लुंबिनीस जयभीम.

पिशवी विहारातच सोडली. बाया नाकाला पदर लावून उठल्या. हापशावर धुवाया बसलो तर वासानं मलाच उलटी झाली. माझीच घाण, अन् मलाच बघवंना. दामिनी मदतीला उठली, तिला आत्यानं खाली बसवलं अन् सोता नुसता हापसा मारत राहिली. लई घासलं, डाग गेला न्हाई. मी म्हणलो जाळतो. आत्या म्हणली, डागासकट मूर्तीखाली अंथर, रोज दिसू दे.

पाचवं शील अजून म्हणलो न्हाई. पीत न्हाई, पण जीव मागून राहिलाय. अण्णांच्या धोतरापुढं खोटं कसं बोलू? वस्तीबी थांबलीय.

दादा म्हणून सही करायचं तोंड न्हाई. एवढं वाचलंस तरी लई झालं.

विनोद

लातूर, २६ जानेवारी

ती. दादास जयभीम.

किळस गेलेली नाही, आधीच सांगते. पण खोटं म्हणाला नाहीस, एवढं बरं केलंस.

येत्या रविवारच्या एसटीनं येतेय. विहाराच्या दारात, सगळ्यांसमोर, आधी तुझ्या तोंडाचा वास घेईन. आला तर तिथूनच मागं फिरेन. नाही आला तर शेजारी बसेन, आणि पाचव्याला मीही गप्प राहीन.

लुंबिनी