आडवी मिस्सा

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन आलो. यंदाच्या उपवासकाळात मटण सोडण्यासारखा सोपा संकल्प नको. ठरवलं : रोज संध्याकाळी एक तास पप्पांना द्यायचा. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. बोलणं हळू झालंय, खवचटपणा शाबूत आहे.

पण नुसतं शेजारी बसून त्यांना काय मिळणार? काही ठोस हवं. आपल्या चर्चची रविवारची उपासना, मिस्सा, हल्ली ऑनलाइन लाइव्ह येते. पप्पा कुशीवर असतात, त्यांना मोबाइल धरवत नाही. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर मॉनिटर, आणि चित्र नव्वद अंशांत फिरवलेलं. म्हणजे आडव्या माणसाला फादर सरळ उभे दिसतील. पत्त्याच्या कॅटएवढा लिनक्स कॉम्प्युटर पुरेल. कॉलेजच्या लॅबमध्ये एक पडून आहे, पण तो कॉलेजचा. स्वतःचा मागवला. फिजिक्स शिकवतो मी, अक्ष फिरवणं हा एका संध्याकाळचा मामला.

९ मार्च

मॉनिटर भिंतीवर बसला. खोका पप्पांच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर ठेवलाय, वॉरंटी आहे तोवर टाकता येत नाही.

चित्र फिरलं नाही. इंटरनेटवर सांगितलेली ओळ फाइलमध्ये लिहिली, मशीन बंद करून चालू केलं, ढिम्म. मिस्सा तेवढ्यात संपली. मी स्वतः चर्चला गेलो नाही, पण कारण सेवेचं होतं.

संध्याकाळी हॉलमध्ये बसून वाचलं : ती ओळ जुनी आहे, नवी सिस्टिम तिच्याकडे बघतही नाही. यात दीड तास गेला. तास पप्पांसाठी द्यायचा होता. त्यांच्या खोलीत द्यायचा असं संकल्पात कुठेही नाही. म्हणजे आज अर्धा तास जास्तच झाला.

पप्पांनी माझ्या बायकोला, व्हेरोनिकाला, विचारलं म्हणे, वॉल्टर कुठाय. ती म्हणाली, हॉलमध्ये, तुमच्या टीव्हीचंच काम करतोय. त्यावर पप्पा : टीव्हीला पण झटका आला काय?

१६ मार्च, सकाळी ७.२०

फिरलं. उलट्या बाजूला. पप्पांच्या नजरेतून फादर डोक्यावर उभे राहून प्रवचन देत होते. पप्पा हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच, पार ठसका लागेपर्यंत. व्हेरोनिका म्हणाली, राहू दे ना असंच. मी म्हटलं, हा पवित्र विधी आहे. आता वाटतं, मीही हसायला हवं होतं का? पण मी तेव्हा कीबोर्ड शोधत होतो.

नव्वदऐवजी दोनशे सत्तर. एवढंच आहे. पुढच्या रविवारी नक्की.

२३ मार्च

यश. फादर पप्पांच्या डोळ्यांना अगदी सरळ. मी दाराशी उभा राहून मान वाकडी करून खात्री केली.

पाचेक मिनिटांत व्हेरोनिका आली आणि तिने पप्पांना दुसऱ्या कुशीवर वळवलं. मी जरा आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती त्यांना दिवसभर अशीच वळवते, डिसेंबरपासून. हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी बहुधा समोरच होतो.

आता पप्पांचं तोंड खिडकीकडे, पाठ मिस्साकडे. म्हणाले, ऐकू येतंय, पुरे. तो मॉनिटर बंद कर आणि बस जरा. मिस्साला कोण कोण येतं ते सांग. त्या टीव्हीत नुसती वेदी दिसते, माणसं दिसत नाहीत. चौथ्या बाकावर माझ्या जागी कोण बसतं? आग्नेल अजून कम्युनियनच्या वेळी खोकतो काय?

हे सगळं ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले. मी पुस्तकी मराठीत उतरवलं, त्यामुळे जरा मवाळ वाटतंय.

तीन रविवार मी चर्चला गेलोच नाही. सांगतो म्हटलं, आधी हे पुरं होऊ दे.

३० मार्च

मॉनिटर पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर हलवला, म्हणजे दोन्ही कुशींवरून दिसेल. खिडकीकडच्या कुशीला चित्र पुन्हा नव्वद अंशांत लागतं. दोन्ही कुशींसाठी दोन बटणं करणार, व्हेरोनिका वळवेल तसं चित्र वळेल. व्हेरोनिका म्हणाली, तिचे दोन्ही हात तेव्हा पप्पांच्या खाली असतात.

मुद्दा योग्य आहे. पायाने दाबायचं बटण बघतो.

६ एप्रिल

पायाचं बटण चालतं. पण वीज गेली आणि आली की चित्र मूळ पदावर येतं, आणि इथे वीज जाते. पप्पा आज फारसे बोलले नाहीत. एकदा डोळे उघडून म्हणाले, अरे मी आडवा झालोय, मिस्साला कशाला आडवी करतोस?

शास्त्रीय उत्तर होतं माझ्याकडे. सविस्तर सांगणार, ईस्टरला. तोपर्यंत सगळं आपोआप होईल.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सगळं चाललं. वीज गेली, आली, चित्र बरोब्बर. व्हेरोनिका चर्चहून झावळी घेऊन आली, पप्पांच्या उशाशी ठेवली. पप्पा संपूर्ण मिस्साभर झोपून होते. मी त्यांना उठवलं नाही. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

१५ एप्रिल

पप्पा काल सकाळी गेले. व्हेरोनिका वळवत असताना. मी कॉलेजात होतो.

आज दफन झालं. संध्याकाळी घरात रोझरी. माणसं पप्पांच्या खोलीत दाटीने उभी. व्हेरोनिका म्हणाली, फोटो फ्रेम करायला वेळ नव्हता, तुझ्या स्क्रीनवर लाव. लावला. चित्र फिरवायचं विसरलो. पप्पा आडवे आले, उशीवर असायचे तसे. सगळ्यांनी प्रार्थना म्हणताना माना एका बाजूला कलत्या ठेवल्या. मी कीबोर्डकडे गेलो तर आग्नेलकाकांनी दंड धरला. म्हणाले, राहू दे रे, एवढे दिवस तो असाच बघत होता आमच्याकडे.

एवढे दिवस. म्हणजे काका येत होते. मी हॉलमध्ये होतो. माझ्या समोरूनच आत गेले असणार.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चला गेलो. चौथ्या बाकावर पप्पांची जागा रिकामी होती, कोणी सांगितलेलं नसताना. तिच्या शेजारी रोझमेरीबाई, पलीकडे जोनाथनची आई, नव्या चष्म्यात. आग्नेलकाका कम्युनियनच्या वेळी खोकले. मागच्या बाकांवरचे चेहरेही लक्षात ठेवले.

घरी येऊन पप्पांच्या खोलीत गेलो. पलंगाजवळची खुर्ची ओढली. तिच्यावर मॉनिटरचा खोका होता. तो खाली ठेवला आणि बसलो.